परदेशातल्या लग्नाला-मयतीला जावे का?

दांडिया बाजार :
“परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांनी तिथल्या घरगुती कार्यांपासून दूर राहावे, रीत ठाऊक नसताना ती लुडबुड ठरते,” हे काल आपल्या बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या काकांनी लिहिलेले वाचून मला राहवले नाही. माझी मुलगी जपानात ओसाकाला नोकरी करते. तिच्या कचेरीतल्या बाईंचे वडील गेले, तेव्हा अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी ती गेली, पण त्याआधी शेजारच्या आजींना सगळे विचारून घेतले : पाकिटाला काळी-पांढरी दोरी आणि आत वापरलेल्या नोटा, कारण कोऱ्या नोटा दिल्या तर मरणाची तयारी आधीच करून ठेवल्यासारखे दिसते. धुपाची चिमूट निखाऱ्यावर किती वेळा सोडायची हे पंथागणिक बदलते, म्हणून ती पुढच्या माणसाच्या हाताकडे पाहत राहिली.

रावपुरा :
मी माझे म्हणणे मागे घेत नाही. जपानात हल्ली पुष्कळ घरे कुटुंबापुरताच अंत्यविधी करतात आणि पाकिटेही घेत नाहीत. शिवाय पैशांचे काय? माझ्या भाच्याला एका वर्षात तीन लग्नांची बोलावणी आली, दर लग्नाला ३०,००० येन. हा अहेर की दंड?

मांजलपूर :
अहेराला दंड म्हणू नका. दहा हजारांच्या तीन कोऱ्या नोटा देतात, कारण तिनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत. आपणही ५०१ देताना वरचा रुपया लावतोच. इथल्या गुजराती लग्नांत चांदलो, म्हणजे रोख अहेर, पुढे परत करता यावा म्हणून वहीत लिहून ठेवतात, तसे तिथेही मयतीच्या पाकिटाच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू घरचे परत पाठवतात.

रावपुरा :
त्या वहीचेच तर दुःख आहे! बहिणीच्या लग्नात आलेल्या अहेरांची परतफेड वडील पंधरा वर्षे करत होते, आणि एका घरी अकरा रुपये कमी गेले म्हणून त्यांना भर मांडवात ऐकून घ्यावे लागले. तुम्ही हे सोसले नाही, म्हणून तुम्हाला कौतुक वाटते.

दांडिया बाजार :
वही बाजूला ठेवा. आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत इथे आले, तेव्हा तेही परकेच होते. आमचे आजोबा वारले तेव्हा गुजराती शेजारी पांढरे कपडे घालून आले आणि आमच्याकडे बेसणे, म्हणजे मयतीनंतरची त्यांची शोकबैठक, नसते हे ठाऊक नसतानाही सतरंजीवर मुकाट्याने बसून राहिले. त्याला आजीने कधी लुडबुड म्हटले नाही.

रावपुरा :
सतरंजीचे मान्य करावे लागते. आई गेली तेव्हा आमच्याकडेही शेजारी तसेच बसले होते. तरी घरच्यांना विचारल्याशिवाय दारात जाणे मला पटणार नाही.

दांडिया बाजार :
मुलीने त्या बाईंना आधी फोन करून येऊ का म्हणून विचारले होते, आणि त्यांनी “या” म्हटल्यावरच ती निघाली.