मदत हवी आहे : ओम मलिक यांच्यावरच्या लेखासाठी

नमस्कार मंडळी. गिगाओम ही तंत्रज्ञान-बातम्यांची साइट उभी करणारे ओम मलिक यांच्यावर मराठीत लेख लिहितेय. दिल्लीत वाढलेला, रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस अमेरिकेत पत्रकार झाला आणि २००६मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ साइटच्या मागे लागला. २००७च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका! तो भाग वाचताना मी थांबलेच. पुढे ते ट्रू व्हेंचर्स या नव्या कंपन्यांमध्ये पैसे गुंतवणाऱ्या संस्थेत गुंतवणूकदार झाले; २०१५मध्ये देणी भागवता न आल्याने गिगाओमचं काम थांबलं.

मी अडलेय ती इथेच. गुंतवणूकदारांच्या पैशावर बातम्यांची साइट चालते कशी आणि बुडते कशी, हे सोप्या मराठीत कुणी समजावेल का? त्या काळात गिगाओम नियमित वाचणारं कुणी असेल तर आठवणीही जरूर सांगा.