वॉलपेपरचा मॉरिस, कापडाचा मॉरिस आणि आपली वही

निळारी: काल आपल्या वह्या बनवणाऱ्यांच्या या गटात कुणीतरी विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकाराबद्दल लिहिलं, ‘मॉरिसची नक्षी कापडाची असो की वॉलपेपरची, सगळी एकच. फाईल लहान करा, वहीवर छापा.’ हे वाचून राहवलं नाही. त्याची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ (१८८३) ही कापडाची नक्षी. आधी अख्खं कापड निळीत रंगवायचं, मग विरंजक छापून हवी तिथली नीळ काढायची किंवा फिकी करायची, त्यावर लाल आणि पिवळा. फिकट निळीवर पिवळा चढला की पान हिरवं. वॉलपेपरचे अपारदर्शक रंग कागदाच्या वर बसतात. दोन्हींना एकच सेटिंग कसं लावता? शिवाय नक्षीची एक आवृत्ती (पुन्हा पुन्हा येणारा पूर्ण भाग) सुमारे अर्धा मीटर उंच. ए-५ वर पूर्ण बसवली तर त्यातल्या थ्रश पक्ष्यांच्या छातीवरचे ठिपके मिसळून डाग होतात. त्यापेक्षा पक्ष्यांची एकच जोडी मोठी घ्या.

ऑफसेट: ‘मॅरिगोल्ड’ (१८७५) मॉरिसनेच कापडावर आणि वॉलपेपरवर, दोन्हीकडे छापली. आता बोला!

निळारी: ‘मॅरिगोल्ड’पुरतं मान्य. ‘स्ट्रॉबेरी थीफ’ला ते लागू नाही. तिची गडद नीळ छपाईच्या चार रंगांत करताना एकूण शाई (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) तीनशे टक्क्यांवर नेलीत, तर अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर ती वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. २८० च्या आत ठेवा.

पुठ्ठा: रंगावर भांडताय, पण वह्या वाकतात त्याचं काय? कव्हरच्या कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) वहीच्या कण्याला समांतर हवी. खळ लागली की कागद ग्रेनच्या आडवा फुगतो, वाळताना आक्रसून पुठ्ठा ओढतो. ग्रेन आडवी असली की कण्याच्या घडीवर गडद शाई तडकते, पांढरी रेघ दिसते.

ऑफसेट: तुम्हाला कागदाचे पैसे भरायचे नसतात! ए-५ चं कव्हर दुमडपट्टीसकट (पुठ्ठ्याच्या आत दुमडायच्या कडा धरून) ३४५ × २४६ मिमी. लाँग ग्रेनच्या (ग्रेन लांब बाजूला समांतर) २३ × ३६ इंची शीटमधून तुमच्या नियमाने तीन निघतात, आडवी कापली तर चार. पाव माल का टाकायचा?

पुठ्ठा: मग तो आकार घेताच कशाला? ३० × ४० इंची लाँग ग्रेन घ्या. ग्रेन पाळून आठ निघतात, आडवी कापली तर सहाच. हिशेब तुमचाच कच्चा आहे!

ऑफसेट: आठ निघतात, ठीक. पण प्रत्येक कागद त्या आकारात मिळत नाही.

पुठ्ठा: नसेल तर शॉर्ट ग्रेन (ग्रेन आखूड बाजूला समांतर) मागवा. आणि गठ्ठ्यावरच्या लेबलवर विसंबू नका, पट्टी ओली करून बघा: ज्या रेषेभोवती ती गुंडाळते ती ग्रेन. एंडपेपर, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागदही त्याच दिशेने चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा. एवढं केलंत तर वही वाकल्याची तक्रार माझ्याकडे आणा.