मदत हवी आहे: ओम्नीच्या फ्लायव्हीलचे बोल्ट कसे आवळायचे?

नमस्कार मंडळी,
माझी ओम्नी (७९६ सीसी, पेट्रोल) पुण्यात धायरीला ओळखीच्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून उभी आहे. क्लच प्लेट संपली म्हणून उघडली, तर क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सीलही गळत होतं. बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) आतून काळं, चिकट. सीलसाठी फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाला बसणारी जड चकती) काढावं लागलं.

आता जोडणीपाशी अडलंय. मेकॅनिकदादा म्हणतात, "जुनेच बोल्ट टाकतो आणि गन मारतो, हलायचे नाहीत." हात चांगला आहे त्यांचा, पण गनने (मशीनच्या पान्याने) कुठला बोल्ट किती बसला हे कळणार कसं? टॉर्क पाना (पिळायचा जोर मोजणारा) मित्राकडून मिळेल, त्यावर आकडे फूट-पाउंडात आहेत. आट्यांना ऑइल लावायचं की लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद)? आवळताना फ्लायव्हील फिरतं, ते धरायचं कशाने? दादा फ्लायव्हीलच्या दातांत स्क्रूड्रायव्हर अडकवतात. सोमवारपासून शाळेच्या फेऱ्या आहेत, जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १
गन बोल्ट काढायला ठीक, बसवायला नको. आधी क्रँकची फ्लँज (फ्लायव्हील जिथे टेकतं ती सपाट कड) आणि फ्लायव्हीलची तिला टेकणारी बाजू स्वच्छ पुसा. मध्ये कचरा राहिला की फ्लायव्हील तिरकं बसतं आणि गाडी थरथरते. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर. टॉर्कचा आकडा मात्र सांगोवांगी घेऊ नका, इंजिन नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रतिसाद २
ऑइलचं जपून. आटे ओले असले की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअल कोरडे म्हणत असेल तर कोरडेच. काही इंजिनांत ही भोकं आरपार क्रँककेसमध्ये जातात. तसं असेल तर आट्यांना सीलंट हवंच, नाहीतर नवं सील घालूनही गळती तशीच, आणि शिव्या सीलला. बोल्ट नवेच घ्या, नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे बघा. टॉर्क देऊन वर आणखी ठरावीक अंश फिरवायचे असतात ते बोल्ट तर परत वापरतच नाहीत.
स्क्रूड्रायव्हर अजिबात नको! रिंग गिअरचा (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याचा) दात तुटला तर स्टार्टर रोज किर्र करेल. गिअरबॉक्सच्या बोल्टाच्या भोकाला दात कापलेली पट्टी बोल्टने बसवा, ती फ्लायव्हील धरते.

धागाकर्ता
धन्यवाद! दादांना वाचून दाखवलं. गन बाजूला ठेवली, पण म्हणाले, "मग पाना चालवायला तूच ये." रविवारी जातोय. क्लच प्लेट मधोमध धरायला गिअरबॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट (क्लच प्लेटमध्ये जाणारा दांडा) चालेल ना?