मदत हवी आहे: 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'ची कोणती प्रत दाखवावी?

मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. आमच्या सिनेमावाल्या कट्ट्यावर या शनिवारी सॅम पेकिनपाचा 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' (१९७३) दाखवायचं ठरलंय. फरार गुंड बिली आणि त्याला मारणारा त्याचाच जुना यार, शेरीफ गॅरेट, यांचा हा वेस्टर्न. मी कॉलेजात असताना पाहिला होता तो १९०९ सालात सुरू होतो. म्हातारा गॅरेट बग्गीतून चाललाय आणि ज्यांची चाकरी केली त्यांचीच माणसं त्याच्यावर गोळ्या झाडतायत. मधेच १८८१चं न्यू मेक्सिकोतलं फोर्ट समनर. तिथे बिलीचं टोळकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या कोंबड्यांवर नेमबाजी करतंय. गोळी सुटते तिकडे आणि कोसळतो गॅरेट इकडे! सगळा सिनेमा त्या दोन मिनिटांत सांगून टाकलाय.

आता एका मित्राने आणलेल्या प्रतीत हे काहीच नाही. थेट फोर्ट समनर. तर:

१. एकूण प्रती किती आणि नवख्या प्रेक्षकांना कोणती दाखवावी?
२. नदीकाठच्या मरणाच्या प्रसंगात बॉब डिलनचं गाणं शब्दांसकट हवंच आहे. ते कशात आहे?
३. बिली मेला तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा आणि गॅरेट ३१चा. इथे बिली झालेला क्रिस क्रिस्टॉफरसन ३६चा आणि गॅरेट झालेला जेम्स कोबर्न ४४चा. कुणीतरी हे विचारणारच. काय सांगू?

प्रतिसाद १:
तुमच्या मित्राकडची बहुतेक १९७३ची थिएटरमधली, १०६ मिनिटांची. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख जेम्स ऑब्री आणि पेकिनपा यांचं चित्रीकरणापासूनच वाजलं होतं. शेवटी स्टुडिओने परस्पर कात्री चालवली. तुम्ही पाहिलेली १२२ मिनिटांची 'प्रिव्ह्यू' (म्हणजे प्रदर्शनाआधी दाखवून बघायची) प्रत १९८८ साली बाहेर आली, पेकिनपा गेल्यावर चार वर्षांनी. तिच्यात गोम अशी, की नदीकाठी डिलनची नुसती धून वाजते, शब्द नाहीत. २००५ची ११५ मिनिटांची प्रत आहे, तिच्यात शब्द आहेत आणि गॅरेटच्या बायकोचा प्रसंगही. शिवाय २०२४मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने नव्याने जुळवलेली प्रत काढली, त्याच संचात थिएटरची आणि प्रिव्ह्यूची प्रतही मिळते. मी असतो तर प्रिव्ह्यूचीच लावली असती. ढिली आहे, पण ती ढिलाई बघण्यासारखी आहे.

प्रतिसाद २:
वरच्यांशी अर्धाच सहमत. नदीच्या प्रसंगाला शब्द हवेतच. स्लिम पिकन्सने केलेला शेरीफ (गॅरेट नव्हे, दुसरा) पोटात गोळी घेऊन पाण्याकडे चालत जातो. हा प्रदेश सोडायचा म्हणून बिचारा होडी बांधत होता. बायको (नटी केटी हुराडो) थोड्या अंतरावर थांबून नुसती बघत राहते. कुणी कुणाशी बोलत नाही, बोलतं ते गाणंच. तेव्हा २००५ची लावा.

वयाचं म्हणाल तर मला ते खटकत नाही. खरा बिली पोरगेला होता, १८७८च्या न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटीतल्या धुमश्चक्रीतून तयार झालेला. पेकिनपाला मात्र पोरगा नको होता. त्याला दोन जुने यार हवे होते. त्यातला एक जमीनदारांच्या पगारावर गेलाय आणि 'काळ बदललाय' असं स्वतःला समजावतोय. दोघंही पस्तिशीच्या पुढचे असले तरच ते समजावणं केविलवाणं वाटतं. इतिहासात रस असणाऱ्यांना सांगा, की गॅरेटच्या नावाने बिलीचं चरित्र १८८२मध्येच आलं, मारल्यावर वर्षभरात. त्यातलं बरंचसं लिहिलं ॲश अपसन नावाच्या पत्रकाराने. म्हणजे दंतकथेचा कारखाना शेरीफनेच उघडला होता.

आणि सबटायटल लावाच. कोबर्न मिशीतल्या मिशीत बोलतो.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार. २००५ची मिळवतो, आणि १९८८च्या प्रतीतली सुरुवात नंतर वेगळी लावून दाखवतो. अजून एक, कट्ट्यावर दोन शाळकरी मुलं येतात. कोंबड्यांचं ते प्रकरण मोठ्यांनाही बघवत नाही. आधी सांगून ठेवावं, की मुलांना या खेपेला बोलवूच नये?