मदत हवी आहे: हानलेला फोटो साठवण्यासाठी छोटा संगणक कोणता न्यावा?

नमस्कार मंडळी,

पोळ्याची अमावास्या धरून मी आणि माझा धाकटा भाऊ लडाखमधल्या हानलेला जातोय. आकाशगंगेचे फोटो काढायला. मी नाशिकला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी आकाशगंगा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली आहे. रात्रभर फिरणारं आकाश, तेही आपल्या बाईंनी स्वतः टिपलेलं, त्यांना पडद्यावर दाखवायचं हे फार दिवसांपासून मनात आहे. हानलेला भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, आणि २०२२ साली तो सगळा परिसर अंधाराचं आकाश राखण्यासाठी राखीव म्हणून जाहीर झाला. आपल्याकडे सप्टेंबरात ढग हटायची खात्री नसते, तिकडे पाऊस तुरळक. म्हणून हीच अमावास्या गाठायची आहे. चतुर्थीला गणपती बसायच्या आत घरी पोचायचंय, त्यामुळे हाताशी रात्री मोजक्याच आहेत आणि त्यातली एकही वाया घालवायची नाही.

प्रश्न फोटो साठवण्याचा आहे. टाइमलॅप्ससाठी (ओळीने काढलेले फोटो जोडून केलेली चित्रफीत) २० सेकंदांचा एक फोटो, मग २ सेकंदांची विश्रांती, असं चार तास चालवलं तर साधारण ६५० फोटो होतात. माझ्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, २८ एमबीच्या आसपास असते. म्हणजे एका रात्रीचे १८ जीबी, तेही एका कॅमेऱ्याचे. भावाचा कॅमेरा वेगळा, दिवसाचे फोटो वेगळे. सगळं मिळून २५० ते ३०० जीबी धरते आहे. आणि प्रत्येक फोटोची दुसरी प्रत रोजच्या रोज झालीच पाहिजे असं मला वाटतं.

घरी यजमानांचा १५ इंची लॅपटॉप आहे, दोन किलोंच्या वर. ट्रायपॉड, दोन लेन्सा आणि गरम कपडे भरल्यावर तो न्यायची माझी तयारी नाही. एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्कही आहे, आत तबकडी फिरते ती जुन्या पद्धतीची. माझा फोन अँड्रॉइड.

डोक्यात असलेले पर्याय: ११ इंची स्वस्त लॅपटॉप, सेकंडहँड सर्फेस गो (मायक्रोसॉफ्टचा विंडोजवाला छोटा टॅबलेट), नाहीतर आयपॅड. बजेट ३५ हजार, फार तर ४०. यापैकी काय घ्यावं, की काही वेगळंच? प्रवासात कुणी असं केलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद १

ताई, संगणकाचं नंतर बघू. आधी ती तबकडीची हार्ड डिस्क घरी ठेवा.

या डिस्कमध्ये तबकडी फिरते तेव्हा वाचणारं डोकं तिला टेकत नाही, हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो थर कमी होतो आणि डोकं तबकडीला घासायचा धोका वाढतो. म्हणून अशा बहुतेक डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतली उंचीची मर्यादा ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट, लिहिलेली असते. बंद ठेवून नेली तर काही होत नाही, चालू करायची नाही. लेहच ३,५०० मीटरवर आहे, हानले गाव ४,३०० च्या आसपास आणि वेधशाळा ४,५०० वर. म्हणजे विमानातून उतरल्यापासून तुम्ही मर्यादेच्या बाहेर. अनेकांच्या डिस्क तिथे चालल्याही असतील, पण रात्रभर कुडकुडत काढलेले फोटो अशा नशिबावर सोडू नयेत.

एसएसडी घ्या. आत फिरणारं काहीच नाही, म्हणून हा प्रश्नच येत नाही. सॅमसंगची टी७ जेमतेम ५८ ग्रॅमची आहे. बजेटमधून पहिले पैसे यासाठी काढा. उरतील त्यात संगणक.

प्रतिसाद २

माझं मत वेगळं. संगणक नेऊच नका.

जास्तीची कार्डं घ्या. १२८ जीबीच्या एका कार्डात तुमचे चार हजारांवर रॉ फोटो बसतात. रोज रात्री नवीन कार्ड घाला, भरलेलं पुसू नका. ही झाली पहिली प्रत. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी लिहिण्याची सेटिंग करा, दुसरी प्रतही तिथेच झाली. सोय नसेल तर यूएसबी-सी हब (एका यूएसबी जागेच्या अनेक जागा करणारं उपकरण) घ्या, त्याला कार्ड रीडर आणि एसएसडी जोडा आणि फोनच्या फाइल मॅनेजरमधून कॉपी करा. हब असा हवा की त्याला पॉवर बँकेची वायरही लावता येईल. नाहीतर फोन एकटा दोन्ही उपकरणांना वीज पुरवता पुरवता दमतो आणि मधेच एसएसडी दिसेनाशी होते.

घरी आधी करून बघा. काही जुने अँड्रॉइड फोन एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क वाचत नाहीत आणि ६४ जीबीपासूनची सगळी कार्डं एक्सफॅटच असतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कचं मला खरंच माहीत नव्हतं, ती आता कपाटातच राहील.

कार्डांचा सल्लाही पटला, जास्तीची कार्डं घेतेच. माझ्या कॅमेऱ्यात कार्ड एकच बसतं. पण संगणक मला नुसता साठवणुकीसाठी नकोय, हे आधीच लिहायला हवं होतं. ताऱ्यांचा फोकस हाताने लावावा लागतो. तो केसभर जरी हलला, तरी कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर तारे ठिपक्यांसारखेच दिसतात, मोठ्या पडद्यावर मात्र प्रत्येक ताऱ्याचा बटाटा झालेला असतो. लेन्सच्या कडांना तारे किती ओढले जातात, तेही छोट्या पडद्यावर कळत नाही. पहिल्या रात्रीचं काम दुसऱ्या दिवशी नीट तपासलं तरच दुसरी रात्र सुधारता येईल. म्हणून किमान १० इंचांचा पडदा हवा.

प्रतिसाद ३

हे कारण ऐकल्यावर मीही म्हणेन, संगणक न्याच. आता तुमचे पर्याय.

११ इंची स्वस्त लॅपटॉप टाळा. त्यात बहुधा ईएमएमसी प्रकारची, एसएसडीपेक्षा संथ, ६४ जीबी साठवण असते, विंडोजच त्यातली निम्मी खातं आणि एखादं अपडेट आलं की जागा संपते. रॅम ४ जीबी. पडदाही असा की बाजूने पाहिलं तर रंग बदलतात, त्यावर तुम्ही फोकस काय तपासणार?

आयपॅड चांगला. पडदा उत्तम, बॅटरी टिकते, आणि २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून बाहेरची डिस्क थेट फाइल्समध्ये दिसते. त्यामुळे कार्डावरून एसएसडीवर कॉपी होते, आयपॅडची स्वतःची साठवण कमी असली तरी चालतं. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडचं यूएसबी-सी जुन्या यूएसबी २ च्या वेगाचं आहे, पण त्यासाठी तो नाकारू नका. कार्ड आणि एसएसडी दोन्ही त्याच वायरीवर असल्याने वेग निम्मा झाला, तरी तुमचे १८ जीबी वीसेक मिनिटांत जातात. वेगासाठी जास्तीचे पैसे घालायची तुम्हाला गरज नाही. माझी आयपॅडबद्दलची तक्रार दुसरी आहे. फाइल्स ॲप कॉपी झाल्यावर दोन्ही प्रती जुळवून दाखवत नाही. फोल्डरमधल्या फाइलींची संख्या तेवढी मोजता येते.

म्हणून माझं मत सर्फेस गो २ किंवा ३ ला, पण ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी एसएसडीवालाच. ४ जीबी रॅमवाल्यात परत ६४ जीबी ईएमएमसीच येतं. पहिली आवृत्ती घेऊ नका, तिच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. वजन कीबोर्ड धरून पाऊण किलोच्या जरा वर, पडदा साडेदहा इंची. चार्जिंगची जागा वेगळी आहे, त्यामुळे एकमेव यूएसबी-सी हबसाठी मोकळं राहतं.

सेकंडहँड घेताना दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. बॅटरी फुगली की पडदा कडेने उचलला जातो, तेही बोट फिरवून बघा. यातली बॅटरी बदलणं सोपं काम नाही.

कॉपीसाठी टेराकॉपी हे सॉफ्टवेअर वापरा आणि त्यातला पडताळणीचा पर्याय चालू ठेवा. प्रत्येक फाइल लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचून मूळ फाइलशी जुळवली जाते. वेळ जास्त लागतो, पण कार्डं पुसणारच नसाल तर घाई कसली? फोटो बघायला लाइटरूम हे फोटो-संपादनाचं जड सॉफ्टवेअर उघडू नका, या यंत्रावर ते रडतं. रॉ फाइलीत कॅमेऱ्याने बनवलेली जेपेग असतेच, ती फास्टस्टोनसारखा साधा व्ह्यूअर पटकन दाखवतो. तिच्यात बारकावे कमी वाटले तर कॅमेऱ्यावर रॉ अधिक जेपेग असं ठेवून चाचणीचे चार फोटो काढा आणि मग टाइमलॅप्सच्या वेळी परत फक्त रॉ करा.

प्रतिसाद ४

घरात कुणाला लिनक्सची आवड असेल तर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर 'लिटल बॅकअप बॉक्स' हे सॉफ्टवेअर, हाही मार्ग आहे. कार्ड लावलं की आपोआप एसएसडीवर प्रत होते, फोनच्या ब्राउझरमधून बघता येतं. खर्च खूप कमी. पण तिथे काही अडलं तर दुरुस्त करायला इंटरनेट नसेल, म्हणून ज्याने स्वतः जुळवलाय त्यानेच न्यावा. ताई, तुमच्यासाठी मी हे सुचवणार नाही.

प्रतिसाद ५

मी हानलेला राहून आलोय, म्हणून तिथल्या गोष्टी सांगतो.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आणि पोस्टपेड असलं तरी फोटो क्लाउडवर चढवायचा विचारही करू नका. म्हणजे प्रती तुमच्या बॅगेतच राहणार, तेव्हा त्या एकाच बॅगेत ठेवू नका. कार्डं तुमच्याकडे, एसएसडी भावाकडे. हे मला कुठल्याही यंत्राच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

वीज होमस्टेवर अवलंबून. काही ठिकाणी संध्याकाळचे काही तासच मिळते. २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या, ती साधारण ७४ वॉट-तासांची होते, विमानातली १०० वॉट-तासांची मर्यादा ओलांडत नाही. केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही. सर्फेससाठी घेत असाल तर पीडी (यूएसबी-सीवरून जास्त वीज देण्याची पद्धत) लिहिलेली आणि किमान ४५ वॉट देणारी बघा.

सप्टेंबरात पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करणं तिला बाधतं, म्हणून बाहेर कुडकुडलेली पॉवर बँक खोलीत आणून थोडा वेळ तशीच ठेवा, मग वायर लावा. कॅमेरा बाहेरून आत आणताना झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं. कार्ड काढायचं असेल तर बाहेर असतानाच काढून खिशात टाका, म्हणजे कॅमेरा पिशवीत राहतो आणि तुमचं कॉपीचं काम अडत नाही.

आणि एक विनंती. तो परिसर राखीव आहे तो अंधारासाठी. लॅपटॉपचा पडदा उघड्यावर उघडू नका, पांढरा उजेड शेजारच्या माणसाचा फोटो बिघडवतो आणि तुमचेही डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. कॉपी खोलीत, पडदे ओढून. बाहेर लाल टॉर्च.

धागाकर्ती

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! ठरलं तर मग: सर्फेस गो ३, ८ जीबीवाला, बॅटरी रिपोर्ट बघूनच. एक टीबीची एसएसडी, दोघांसाठी जास्तीची कार्डं आणि पीडीची पॉवर बँक. भावाला कार्डं-एसएसडीची वाटणी सांगितली, त्याला लगेच पटली. अंधाराचं तर मी मुलांनाही वर्गात सांगेन.

शेवटची एक शंका. एसएसडीचं फॉरमॅट एक्सफॅट ठेवू की विंडोजचं एनटीएफएस? आणि सर्फेस पॉवर बँकेवर चार्ज करायचा तर त्याचं यूएसबी-सी अडकणार ना? मग हब कुठे लावू?

प्रतिसाद ३

एक्सफॅट ठेवा. उद्या सर्फेस बिघडला तर भावाच्या किंवा तुमच्या फोनला तीच एसएसडी लावून काम पुढे चालू ठेवता येईल. फक्त एक्सफॅट झटका सहन करत नाही. कॉपी चालू असताना वायर निघाली तर अख्खा फोल्डर बिघडू शकतो. तेव्हा दर वेळी इजेक्ट करूनच काढा आणि कॉपी चालू असताना सर्फेस गादीवर नको, टेबलावर ठेवा.

चार्जिंगचं म्हणाल तर हबवर पीडी इनपुट असलेलं मॉडेल घ्या. पॉवर बँक हबला, हब सर्फेसला, सगळं एकाच वायरीतून चालतं. किंवा यूएसबी-सीवरून सर्फेसच्या मूळ चार्जिंगच्या जागेत जाणारी वायर मिळते, ती घ्या. मी दुसरी सुचवेन, कारण मग हब बिघडला तरी चार्जिंग अडत नाही. दोन्ही इथे घरी बसून, पॉवर बँकेवर, एक पूर्ण १८ जीबीची कॉपी करून तपासा. काही अडलं तर निघायच्या आधी इथेच लिहा, सामान बदलायला वेळ राहील.