प्रति: यूपीएस जोडला तरी कॉम्प्युटरला दिसत नाही

ऐरोलीच्या सभासदांचा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारं यंत्र) डेटा केबलने जोडूनही कॉम्प्युटरला दिसत नाहीये, आणि त्यांना वर सगळ्यांनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला सांगितलंय. चूक नाही, पण आधी केबल बघा. एपीसी या कंपनीच्या बऱ्याच यूपीएस मॉडेलांचं डेटा सॉकेट १० पिनांचं असतं. लॅन केबलचा ८ पिनांचा प्लग त्यात गपकन बसतो, कडेच्या दोन पिना मात्र मोकळ्याच राहतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घेणार असाल तर प्लगवरच्या सोनेरी पट्ट्या मोजूनच पैसे द्या. आणि सॉकेटवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेली जोडी असेल तर ती फोन किंवा लॅनच्या लाइनला सर्जपासून (विजेच्या अचानक झटक्यापासून) वाचवण्यासाठी. तिथून डेटा कधीच येणार नाही.

केबल बरोबर असेल तर मधला यूएसबी हब काढून ती थेट मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या 'बॅटरीज'खाली 'एचआयडी यूपीएस बॅटरी' दिसायला हवी. केबल लावताना विंडोजचा आवाजही येत नसेल तर ड्रायव्हरचा दोष नाही, केबल किंवा सॉकेटचा. खाडीकडच्या दमट हवेत पिना काळ्या पडतात. यूपीएस बंद करून, प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लिनक्सवर यूएसबी यादीत यूपीएस दिसतो पण 'नट'ला (यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामला) सापडत नाही, तेव्हा बहुधा परवानगीची अडचण असते. यूडेवचा (लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या भागाचा) नियम टाकल्यावर केबल एकदा काढून परत लावावी लागते, हे हमखास विसरलं जातं.

एपीसीच्या जुन्या 'स्मार्ट-यूपीएस' मॉडेलांना साधी ९ पिनांची सीरियल केबल मात्र लावू नका. पिनांची जोडणी वेगळी असल्याने यूपीएस बंद होऊन त्यावर चालणारं सगळं बंद पडू शकतं.