प्रतिसाद : गोसीखुर्दच्या पाण्यावर एआयएस कोरं का दिसतं
भाऊ, एआयएसचा (जहाजं रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगतात ती यंत्रणा) रिसीव्हर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडला, ओपनसीपीएन या जलनकाशाच्या प्रोग्रॅमला सिरियल पोर्टही दिसतं, पण भंडाऱ्यातल्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर एकही जहाज उमटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी पोर्टचा वेग बघा. जीपीएसला सहसा ४८०० बॉड चालतो, एआयएसला ३८४०० लागतो. वेग चुकला तर नुसता कचरा येतो. बरोबर असेल तर उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या 'एआयव्हीडीएम'च्या ओळी, म्हणजे जहाजांचे संदेश, येतात.

पण खरं कारण मला दुसरंच वाटतं. जहाज आपला ठावठिकाणा १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर सांगत असतं, आणि या लहरी जेमतेम नजरेच्या टप्प्याइतक्या जातात. भंडाऱ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर, आणि आपल्या डोंग्यांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे ठावठिकाणा सांगणारं यंत्र, कुठला? तेव्हा पडदा कोरा राहणं हा बिघाड नाही. जोडणी तपासायचीच असेल तर किनाऱ्यावरच्या कुणाकडून रेकॉर्ड केलेली फाइल मागवा आणि ओपनसीपीएनच्या व्हीडीआर प्लगइनमधून (रेकॉर्ड केलेला डेटा पुन्हा चालवणारी जोड) चालवा.

एक मात्र कळकळीने सांगतो, रिसीव्हरची आरएस-२३२ (सिरियल जोडणीची) वायर पायच्या पिनांना थेट लावू नका. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत, जळतील. यूएसबी कन्व्हर्टर घ्या.

आपल्याकडे खरी गरज जीपीएसची. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली असतात आणि रात्री जाळं टाकायला जाणाऱ्याला ते दिसत नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या खुंटांच्या खुणा जीपीएसवर नोंदवून घ्या, आणि त्या खुणांची जीपीएक्स फाइल गावातल्या ढिवर बांधवांनाही द्या, मोबाइलवर उघडते.